वरच्या मजल्यावरची मोटर

अण्णांनी लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावली, टोक फ्रिजवर टेकवलं आणि डोळे मिटले.

"हा नव्हे," ते म्हणाले.

चाळीस वर्षं कारखान्यात ते असंच ऐकून कुठल्या मशीनचं बेअरिंग जाणार ते सांगत. पार्किन्सन्सनं आता चाल मंदावली होती, शर्टाची बटणं हट्टाला पेटली होती. पण घर थरथरतंय यावर अण्णा ठाम होते.

"अण्णा, तुमच्या अंगातच थरथरत असेल," लेक म्हणाली.

त्यांनी हात पुढे केला. त्यावर भरलेला कप ठेवला असता तरी थेंब सांडला नसता. "हा थरथरतोय?"

नव्हता. शिवाय तिला ऑफिसला उशीर होत होता.

फ्रिज, पंखा, पाण्याचा पंप निर्दोष सुटले. पलंगाच्या पायांखाली रबर गेलं, तरी थरथर काही हटेना. मग संशय जिना चढला. वर शिवणकाम करणाऱ्या बाई राहत आणि त्यांच्या मशीनला मोटर होती. अण्णांनी नोंदींची वहीच सुरू केली : 'पावणेनऊला बंद. साडेअकराला सुरू. पाऊणला बंद. साडेतीनला सुरू.' सलग नऊ दिवस. एवढा पुरावा तर कोर्टातही कुणी आणत नाही.

बाई भिडस्त. तक्रार ऐकून त्यांनी मोटर काढून मशीन पायानं चालवली; वहीतली वेळ पाच मिनिटांनीही हलली नाही. मग त्या हातानंच शिवू लागल्या.

सुट्टीच्या दिवशी लेक अंघोळीला गेलेली पाहून अण्णा वर निघाले. सोळा पायऱ्यांना वीस मिनिटं लागली.

"आज कमालच केलीत! सकाळपासून एकदासुद्धा बंद नाही?"

बाईंनी सुईनं भोसकलेलं बोट दाखवलं. "काका, मशीन कालच दुरुस्तीला दिली. आत येऊन बघा हवं तर."

टेबलावर मशीनपुरती चौकोनी, स्वच्छ जागा होती. बाकी सगळीकडे धाग्यांची तुसं.

वडिलांना शोधत लेक मागोमाग आली. अण्णांनी पुरावा म्हणून वही तिच्या हातात कोंबली, आणि तिनं ती पहिल्यांदाच नीट वाचली. पावणेनऊ. पाऊण. गोळ्या आठ आणि बाराच्या. गजर तीच लावायची. गोळी लागू पडली की बंद, उतरली की सुरू. आणि आज, जरा ताकद यावी म्हणून, प्रथिनांबरोबर गोळी नको असं डॉक्टरांनी बजावूनही तिनंच सकाळची गोळी अंडी आणि दुधाबरोबर दिली होती. ती लागू पडलीच नव्हती.

तिनं वही मिटली. अण्णा तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. मशीनचा निकाल ते आयुष्यभर असाच, न विचारता ओळखत आले होते.

खाली येऊन ते पलंगावर बसले. स्क्रूड्रायव्हरचं टोक छातीच्या हाडावर टेकवून त्यांनी मूठ तिच्याकडे केली. "ऐक."

तिनं कान लावला. काहीच नव्हतं.

"येतोय आवाज," ती म्हणाली.

"तुला कधीपासून कळायला लागलं?" अण्णा हसले. हसू चेहऱ्यावर पोचायला हल्ली वेळ लागे. "मशीन असती तर बरं झालं असतं गं. उघडता आली असती."

बाराचा गजर वाजला. पाण्याबरोबर, नुसत्या पाण्याबरोबर, तिनं गोळी दिली.

"वही वर देऊन ये," गोळी गिळून अण्णा म्हणाले. "मशीन आली की मोटर परत लावा म्हणावं. आणि जमलं तर साडेअकराला नि साडेतीनला जरा जोरातच चालवा. दोष द्यायला कुणीतरी हवं."