रंगीत वाचनाची पूर्वतयारी

वाचन ही जबाबदारीने करायची गोष्ट असल्यामुळे अलीकडे मी ती सहसा करत नाही. पण खुद्द घरातूनच मागणी आली, तेव्हा इलाज उरला नाही. आमच्या हिने पुस्तक लिहिलं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तिने सगळी नोकरी काढली, कानाला यंत्र लावून परक्यांच्या तारा परक्यांशी जोडून दिल्या, त्या दिवसांवर. प्रकाशकाचा होकारही आला होता. टाइप केलेला गठ्ठा माझ्यापुढे ठेवत ती म्हणाली, "सगळं नाही वाचलंत तरी चालेल. शेवटचं प्रकरण तेवढं बघा. ठेवू की काढू, माझं ठरत नाहीये. महिनाअखेर द्यायचंय."

"शेवटचंच का? मी पहिल्या पानापासून वाचणार," मी म्हणालो. "जन्मभर विनोदी लिहिलेला माणूस मी. बायकोचं पुस्तक नुसतं चाळून मोकळा होईन होय?"

इथेच घात झाला.

गठ्ठा उचलतोय तोच जावई आले. कागद दिसला की जावयांना शिंका येतात. "बाबा, रंगीत ई-पेपरचा टॅब्लेट घ्या. चकाकी नाही, डोळ्यांना त्रास नाही, पेनने समासात लिहा, हव्या त्या रंगात खुणा करा. अगदी कागदावर वाचल्यासारखं वाटतं!"

"कागदावर वाचलं तरी तसंच वाटतं, जावईबापू," आतून आवाज आला. तांत्रिक विषयात घरातल्यांनी बोलू नये म्हणून आम्ही दोघांनी तिकडे दुर्लक्ष केलं.

टॅब्लेट आला. गठ्ठ्याचं स्कॅनिंग होऊन तो टॅब्लेटच्या पोटात गेला. पान उलटलं की पडदा क्षणभर काळा पडतो, डोळे मिचकावतो आणि मग शुद्धीवर येतो. मागच्या पानाची पुसट सावली पुढच्या पानावर रेंगाळते. बदली झालेला साहेब जुन्या केबिनमध्ये डोकावतो तशी. रंग मात्र फार सोज्वळ. यातला लाल म्हणजे बऱ्याच धुण्यांतून गेलेल्या टॉवेलचा लाल. तरीही हाती रंग आल्यावर माणूस बेशिस्तपणे वाचू शकत नाही. मी धोरण आखलं: हिरवा म्हणजे मान्य, पिवळा म्हणजे विचाराधीन, लाल म्हणजे दुरुस्ती, निळा म्हणजे खुलासा मागवावा.

पहिल्याच पानावर अडचण आली. त्या पडद्यावर 'मान्य' आणि 'विचाराधीन' हे हुबेहूब एकसारखे दिसत होते. सरकारी नोकरीत मला याची सवय होती, पण साहित्यात हे चालणार नव्हतं.

मी माझ्या सकाळच्या फिरण्यातल्या मित्राचा सल्ला घेतला. ते निवृत्त हिशेबतपासनीस. त्यांनी चालता चालता थांबून विचारलं, "लाल वापरताय? कोणाच्या अधिकारात?"

"का बुवा?"

"लाल तपासनिसाचा. वाचकाने लाल वापरला तर तो स्वतःला तपासनीस समजतोय असा अर्थ होतो. उद्या कोणी हरकत घेतली तर?"

हरकत घेणारं एकच माणूस होतं, आणि ते माझ्यासाठी चहा टाकत होतं. तरी आम्ही बागेतल्या बाकावर रंगनिश्चिती समिती नेमली. अध्यक्ष ते, सचिव मी. अंतिम रंग ठरेपर्यंत सर्व खुणा तात्पुरत्या करड्या रंगात कराव्यात, असं पहिल्याच बैठकीत ठरलं. दुसऱ्या बैठकीत करड्याला हरकत आली, कारण या पडद्यावर मुळात सगळंच थोडं करडं दिसतं. भावनिक परिच्छेदांना जांभळा द्यावा, अशी सूचना मी मांडली. भावनिक म्हणजे किती भावनिक, यावर उपसमिती बसली. तिच्यातही आम्हीच दोघं होतो, पण यावेळी अध्यक्ष मी.

"झालं का वाचून?" ही अधूनमधून विचारायची.

"पूर्वतयारी अंतिम टप्प्यात आहे."

हेच वाक्य पूर्वी मी एका कथेत मंत्र्याच्या तोंडी घातलं होतं. तेव्हा लोक पोट धरून हसले होते. ही हसली नाही.

शेवटी ती खुर्चीसमोर येऊन उभी राहिली. "अहो, उद्या द्यायचंय. फक्त हो की नाही सांगा."

"हे बघ, जांभळ्याचा निर्णय झाल्याशिवाय मत देणं उतावीळपणाचं होईल."

तिने टॅब्लेट माझ्याकडे सरकवला. मग म्हणाली, "बरं."

इतकी वर्षं संसार केलेल्या माणसाला या 'बरं'चा अर्थ कळायला हवा होता. मी मनातल्या मनात त्यावर हिरवी खूण केली.

पुस्तक आलं, आणि चांगलं गाजलं. एका समीक्षकाने तर लिहिलं, 'लेखिकेने अविवाहित राहून आपलं आयुष्य या कामाला वाहिलं असावं, असं पानोपानी जाणवतं.' हिशेबतपासनिसांनी ते मला बाकावर मोठ्याने वाचून दाखवलं आणि माझा हात हातात घेतला. "तुमची नोंदच नाही हो!"

मी तडक घरी आलो. ती माझ्या सदऱ्याचं बटण लावत होती.

"त्या शेवटच्या प्रकरणात काय होतं गं?"

"एक माणूस होता," तिने दोरा दातांनी तोडला. "रोज दुपारी फोन करून नसलेला नंबर मागायचा. मी म्हणायचे, असा नंबर नाही. तो म्हणायचा, हरकत नाही, उद्या परत बघा. फार दिवस चाललं ते. शेवटी मी त्याला घरचा नंबर दिला."

तो नंबर मला अजून पाठ आहे.

"मग काढलंस कशाला?"

"ठेवू का म्हणून त्यालाच विचारलं होतं," ती म्हणाली. "लाइन लागली नाही." आणि सदरा माझ्या हातात दिला.

ते प्रकरण अजून टॅब्लेटमध्ये आहे. मी ते वाचणार आहे, अगदी नक्की. पण असं प्रकरण धुऊन विटलेल्या रंगांत वाचणं बरं दिसत नाही. जावई सांगतात, नवं मॉडेल येतंय आणि त्यातला लाल खरोखरच लाल आहे. समितीची खास बैठकही बोलावली आहे.

हसताय? हसा की. तुमच्याही घरात कोणीतरी काहीतरी लिहून तुमच्या हातात दिलंय, 'एकदा बघा हं' म्हणून. 'निवांत वाचतो' म्हणून ते बाजूला ठेवलंत, आणि तो निवांतपणा मिळताच ही माझी गोष्ट वाचत बसलात.