केळीच्या खुंटाला कोट

मंगळवारी सकाळी दहा वाजता चर्चचे पाळक चिपेटा वारल्याचं म्पेनी गावात सगळ्यांना कळलं. ही बातमी फक्त चिपेटांपर्यंत पोचायची राहिली होती, कारण ते गाढ झोपले होते.

दोष त्यांचाच होता. आंब्याखाली ते दोन नव्या पाळकांना शिकवत. त्यातला येसाया रविवारी स्वतःची चर्चची मंडळी सांभाळायला जाणार होता, पण अंत्यविधीच्या धड्यात तो दोनदा नापास झाला होता. कबरीशी उभा राहिला की त्याचा गळा दाटून यायचा. तीन महिन्यांपूर्वी चिपेटांची बायको एस्नाथ गेली, तेव्हा तर तो पहिल्याच वाक्याला ओक्साबोक्शी रडला. शेवटी बायकोचा विधी चिपेटांनी स्वतःच उरकला.

"आज शेवटची संधी," चिपेटा म्हणाले. "मी मेलोय असं समज. आणि खोटंखोटं काही नको. सगळं खऱ्यासारखं."

एस्नाथचं चितेंजे, ती कमरेला गुंडाळायची ते निळं कापड, डोक्यावरून ओढून ते चटईवर आडवे झाले. कापडाला अजून तिच्या चुलीच्या धुराचा वास होता. तीन महिन्यांत डोळ्याला डोळा लागला नव्हता, तो दोन मिनिटांत लागला.

येसाया मागच्या अंगणात भाषण पाठ करू लागला. दुसरा शिष्य वायसन आज्ञाधारक होता. त्याने फांदीला टांगलेली ट्रकच्या चाकाची रिम कुणी गेल्यावर वाजवतात तशी वाजवली. सावकाश, एकेक ठोका. धावत आलेल्या बायकांनी विचारलं, "कोण गेलं रे?"

"आपले पाळकबाबा," वायसन म्हणाला. सगळं खऱ्यासारखं करायचं होतं ना!

तासाभरात अंगणात मक्याच्या पिठाच्या नऊ टोपल्या, सरपणाचे सात भारे आणि एक कोंबडा जमा झाला. बायकांची पुढारी नागामा हंबरडा फोडत आली आणि तिने थेट मयतावरच अंग टाकलं.

"अगं बाई, बरगड्या मोडल्या!" मयत ओरडलं.

अंगण क्षणात रिकामं झालं. दोन बायका कणगीवर चढल्या. कोंबडा सुटला तो पुन्हा कुणाला दिसला नाही.

चिपेटा डोळे चोळत उठून बसले. "कोण मेलं?"

"तुम्ही!" कणगीवरून उत्तर आलं.

खुलासा होईपर्यंत दुपार झाली. नागामाने कपाळावर हात मारला. "मेला नाहीत ते बरंच झालं हो, पण एवढं पीठ आता शिजवायचं कुणाच्या नावाने?"

तेवढ्यात कबर खणणाऱ्यांचा म्होरक्या बिझेक खांद्यावर फावडं घेऊन आला. पाळकांना बसलेलं पाहून त्याचं तोंड पडलं. "म्हणजे आम्ही काय रताळी लावायला खणलं?"

"बुजवून टाक, बाबा."

"रिकामी कशी बुजवू? रिकामी बुजवली की ती गावातलं माणूस मागते. तुम्ही येताय की केळीचा खुंट टाकू?"

"खुंट टाक."

खुंट आला. बिझेक तो निळ्या चितेंजेत गुंडाळायला लागला, तेव्हा मघाशी मेलेले चिपेटा हरणासारखे धावले. "ते सोड! दुसरं काहीही घे!" आणि त्यांनी अंगातला कोट काढून दिला. तो त्यांचा एकुलता एक कोट होता.

कबरीशी कोट घातलेला खुंट पाहून येसायाचा गळा पुन्हा दाटला.

"अरे, मी इथं उभा आहे! धडधाकट!" चिपेटा गर्दीतून ओरडले. "बोल!"

"पाळकबाबा चांगले होते," येसायाने सुरुवात केली. "प्रत्येक घरी कोंबडीची तंगडी त्यांनाच लागायची."

"खोटं आहे!"

"मयताने मध्ये बोलू नये," बिझेक म्हणाला. गावाला हसू आवरेना. येसायाही हसला आणि त्याचा गळा मोकळा झाला. मग तो बोलतच राहिला. लांबत जाणारे उपदेश, पावसात पायी पालथी घातलेली गावं, सगळं बोलला. शेवटी म्हणाला, "आईंना मूठमाती दिली त्या दिवशी मी आधी रडलो. बाबांची रडायची पाळी आलीच नाही."

हसणं थांबलं. चिपेटा मातीच्या ढिगावर बसले, निळं चितेंजे तोंडाला लावलं आणि रडू लागले. कुणीही त्यांना उठवलं नाही.

"रडा, बाबा, सावकाश रडा," नागामा म्हणाली. "पीठ शिजायला वेळ आहे."

बिझेक फावड्यावर रेलून वायसनच्या कानाशी लागला. "केळीसाठी एवढं रडलेलं माणूस मी पहिल्यांदाच बघतोय."

येसाया पास झाला. रविवारी तो सायकलवरून आपल्या मंडळीकडे निघाला, तेव्हा गार वारा होता. चिपेटा खांद्यावर निळं चितेंजे घेऊन त्याला वाटेपर्यंत पोचवायला गेले.

नवा कोट अजून शिवायचा राहिला आहे.