चुलीजवळचा मान्यताप्राप्त काटा

बाळंतीण रोज किती खाते याची सरकारदरबारी कुठंच नोंद नाही, ही गंभीर बाब एकोणीसशे अठ्ठावन्न साली आमच्या विकास गटाच्या ध्यानात आली. रिसोडजवळच्या आमच्या गावात ज्वारी पायलीनं मोजत आणि भाकर पोट भरेपर्यंत वाढत. हे शास्त्रीय नव्हे. सबब हुकूम निघाला: बाळंतिणीचं अन्न चुलीजवळ तोलावं, त्यातलं सत्त्व मांडावं, मग खावं. त्यासाठी गावानं एक स्वस्त व अचूक काटा निवडावा. तोवर तिच्यासाठी आलेली दुधाची भुकटी वाटू नये.

गावात त्या वेळी बाळंतीण एकच, रुपाबाई. तिच्या अंगावर दूध नव्हतं आणि लेकरू रडून रडून दमत होतं. काटा निवड समिती मात्र झटपट झाली: सरपंच उकंडराव, दुकानदार पुंजाजी, गटाचे साहेब आणि चिटणीस मी, शाळेचा मास्तर. माझ्याइतकं शुद्ध इतिवृत्त लिहिणारा पंचक्रोशीत दुसरा नव्हता. उगाच विनय कशाला करू!

पुंजाजीची तागडी फुकट मिळत होती. हरकत खुद्द पुंजाजीनंच घेतली.

"साहेब, माह्या तागडीवर सरकारी माल नका तोलू. इथं वजन बरोबर भरलं, तं लोक म्हनतीन, मंग रोज काय करते हा?"

हरकत तांत्रिक स्वरूपाची असल्यानं मान्य झाली. मग सोनाराचा काटा आणला. तो बिनचूक होता, पण सोनार सवयीनं तोळ्यामागं घट धरून वजन कमी सांगू लागला. शेवटी रिसोडच्या बाजारातून सर्वांत स्वस्त काटा आला. त्याचं एक पारडं जन्मापासूनच खाली होतं.

"सर्वांना सारखाच खोटा असेल, तर तो न्यायच झाला," साहेब म्हणाले. ठराव एकमतानं मंजूर.

आता वजनं हवी होती. शेर जाणार आणि किलो येणार, असं ठरलेलं. म्हणजे जुनी वजनं घेणं गैर आणि नवी अजून अकोल्याहून निघायची होती. सभा तहकूब होत राहिली.

दरम्यान काट्याची चाचणी थांबवून चालणार नव्हतं. चाचणीपुरता डबा उघडायची मुभा होती. पारड्यातली भुकटी परत डब्यात टाकणं आरोग्याला घातक, फेकून देणं म्हणजे सरकारी नुकसान. तेव्हा प्रत्येक सभेत तिचा चहा करावा, असा मध्यममार्ग मीच सुचवला.

अशाच एका सभेत रुपाबाईची सासू मनकर्णाबाई वाटी घेऊन आली.

"उकंडरावभाऊ, एक मूठ द्या. लेकराच्या मायले पाजतो."

"मूठ हे माप मान्य नाही," साहेब म्हणाले.

"माय वो! याच मुठीवर माहे लेकरं वाढले. तवा कोनं काटा मांगला नाई!"

"मनकर्णाबाई, जरा दम धरा ना," उकंडराव म्हणाले. "तुमच्यासाठीच तं करून राह्यलो आमी."

ती रिकामी वाटी घेऊन गेली. चहा थोडा निवला होता, म्हणून पुन्हा तापवावा लागला.

अखेर नवी वजनं आली. काट्याला हार घातला, नारळ फोडला, मनकर्णाबाईला सन्मानानं बोलावलं. उकंडरावांनी डबा पारड्यात उपडा केला. काहीच पडलं नाही.

"कोठी गेलं दूध?" तिनं विचारलं.

तिनं आमच्या हातातल्या कपबश्यांकडं पाहिलं.

"शेजारच्या गोमतीबाईनं आपली शेळी आमच्या दारात आनून बांधली, म्हून जगलं लेकरू. तिनं नाई तोललं," ती म्हणाली आणि निघून गेली.

साहेबांचा चेहरा उजळला. मी लगेच नोंदवलं: "काट्याच्या निवडीनंतर गावातील बालकाच्या प्रकृतीत समाधानकारक सुधारणा." त्यावर गटाचं शाबासकीचं पत्रही आलं.

तुम्ही आता नाक मुरडाल. खुशाल मुरडा. पण सभेत समोर गरम चहा आल्यावर, दूध कुणाच्या वाटणीचं, असं तुम्ही तरी कधी विचारलंत?