विहिरीतल्या कासवाबाबत

सुबोध बालमंदिर ही आमची जामबागेतली मराठी प्राथमिक शाळा. सन २०११च्या जानेवारीअखेर तिच्या ग्रंथालयाची वाचकसंख्या एकोणीस असल्याचे निदर्शनास आले आणि कार्यकारिणी गंभीर झाली. आमची कार्यकारिणी गंभीर होते तेव्हा चहाबरोबर उस्मानिया बिस्किटे मागवली जातात. त्या दिवशी ती दोनदा मागवावी लागली.

मी संस्थेचा सहचिटणीस. तेहतीस वर्षे सरकारी कचेरीत टिपण्या लिहिल्यामुळे माझे अक्षर सुंदर आहे, आणि मला दुसरे काही येत नाही हे अजून कुणाच्या लक्षात आलेले नाही. अध्यक्ष मुकुंदराव हे निवृत्त उपसचिव. उरलेले सभासद सत्तरीच्या पुढचे, त्यामुळे तरुणांचे प्रतिनिधी म्हणून मुकुंदरावांचा पुतण्या गौतम याला आम्ही स्वीकृत करून घेतले होते. तो हायटेक सिटीत संगणकाच्या कंपनीत आहे आणि सभेत बसून अंगठ्याने फोन चोळत असतो.

“काका, मुलं लायब्ररीत येत नाहीत ना, मग लायब्ररीनंच लोकांकडे जायचं,” गौतम म्हणाला. “फेसबुकवर पेज काढू.”

“त्याला परवानगी कोण देतं?” मुकुंदरावांनी विचारले.

“कुणाचीच लागत नाही.”

ज्याला कुणाचीच परवानगी लागत नाही अशी गोष्ट आमच्यापैकी कुणी आयुष्यात केलेली नव्हती. शेवटी ठराव करून आम्हीच आम्हाला परवानगी दिली, तेव्हा कुठे जिवात जीव आला.

गौतमने पुस्तकांच्या कपाटाचा फोटो पेजवर टाकला. आठवड्यात चारशे बारा लाईक्स आले. पुण्याहून आले, न्यू जर्सीहून आले, माजी विद्यार्थ्यांचे आणि त्यांच्या जावयांचेही आले.

“लाईक म्हणजे काय?” मुकुंदरावांनी विचारले.

“म्हणजे आवडलं.”

“वाचल्याशिवाय आवडेल कसं?” मुकुंदराव म्हणाले, आणि ज्यांनी लाईक केले ते आपले वाचक, असा ठराव झाला. शिक्षण खात्याच्या वार्षिक तक्त्यात वाचकसंख्येचा एक रकाना असतो. त्यात मी सुवाच्य अक्षरात चारशे एकतीस असा आकडा लिहिला.

आता इतक्या वाचकांची गैरसोय होऊ देणे बरे दिसले नसते. रोज एका पुस्तकाचा फोटो पाहिजे, असे गौतमचे म्हणणे पडले. फोटोसाठी पुस्तक कोरे करकरीत पाहिजे. पुस्तक मळते ते मुलांच्या हातांनी. सबब कपाटाला कुलूप लावण्यात आले आणि त्याची किल्ली मी जानव्याला बांधली.

ग्रंथपाल सुनंदाबाई सव्वीस वर्षे त्या कपाटाशी स्टूल टाकून बसत आल्या होत्या. त्यांनी विचारले, “मग पुस्तकं द्यायची कुणाला?”

“वाचकांना,” मुकुंदराव म्हणाले.

“आणि शाळेतली मुलं?”

“त्यांनीही रीतसर पेजचं सभासद व्हावं. आमची ना नाही.”

गौतम खाकरला. तेरा वर्षांखालच्या मुलांना तिथे खाते उघडता येत नाही, असे त्याने सांगितले. आमची शाळा चौथीपर्यंत. सर्वांत मोठा विद्यार्थी दहा वर्षांचा, तोही एकदा नापास झालेला. अशा रीतीने आमच्या ग्रंथालयाला आमची संपूर्ण शाळा अपात्र असल्याचे सिद्ध झाले आणि तशी नोंद घेण्यात आली.

याचा पहिला फटका तिसरीतल्या केतकीला बसला. कुलूप लागले त्या दिवशी ती एका चोवीस पानी पुस्तकाच्या चौदाव्या पानावर होती. त्यात एक कासव विहिरीत पडते. पुढे काय होते ते पंधराव्या पानावर होते आणि पंधरावे पान कपाटात होते. शिवाय केतकीचे नाव जूनपासून दिलसुखनगरच्या इंग्रजी शाळेत घातले होते. तिथे मराठी पुस्तके नाहीत. म्हणजे कासवाचे काय झाले हे कळायला तिच्याकडे शाळेला सुट्टी लागेपर्यंत, म्हणजे वीस एप्रिलपर्यंतच मुदत होती.

रोज मधल्या सुट्टीत ती कपाटाशी येऊन उभी राही. सुनंदाबाई तिला गोष्ट तोंडी सांगू लागल्या तर कानांवर हात ठेवी. “सांगू नका बाई. मला वाचायचंय.”

अखेर तिचे वडील नामदेवराव आले. त्यांचे आबिड्सला कापडाचे दुकान आहे.

“साहेब, पोरगी परेशान करून सोडलीय. जेवायला बसली की कासव, निजायला गेली की कासव. एक किताब द्यायला इतका कायदा कायको?”

“कायदा नाही, कार्यपद्धती आहे,” मी म्हणालो. “तुम्ही पालक या नात्याने पेजवर विनंती लिहा. बाहेरून आलेला मजकूर तीन सह्यांनी सभेत मंजूर झाला की प्रसिद्ध होतो.”

“सभा कधी?”

“दर महिन्याला. मार्चची कालच झाली.”

“हौ,” नामदेवराव म्हणाले, आणि त्यांनी माझ्याकडे जसे पाहिले तसे गिऱ्हाईक आखूड निघालेल्या कापडाकडे पाहते.

तरी त्यांनी लिहिले. मराठी लिहायची सवय सुटलेली, त्यामुळे एकच ओळ लिहिली: विहिरीतून कासव बाहेर आलं का? एप्रिलच्या पहिल्या सभेत विनंतीवर चर्चा झाली. पुस्तक देता येत नाही, पण प्रश्न फारच गोड आहे, असे गौतम म्हणाला. त्याने विहिरीच्या चित्रासह तो पेजवर टाकला.

असा प्रतिसाद पेजला कधी मिळाला नव्हता. “खूप छान.” “शाळेचा अभिमान वाटतो.” “वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा.” ही सारी मान्यवर मंडळी ठरावाने आमचे वाचक झालेली, त्यामुळे त्यांच्या मजकुराला सह्या लागत नव्हत्या. प्रश्नाचे उत्तर मात्र त्यात नव्हते. मग दुपारी पुण्याच्या एका गृहस्थांनी लिहिले, “भावपूर्ण श्रद्धांजली.” त्यानंतर रांगच लागली. हजारावर लोकांनी हात जोडले. एका माजी विद्यार्थ्याने लिहिले, “कासव सर आम्हाला गणित शिकवायचे. कडक, पण मनानं प्रेमळ.”

तातडीची सभा भरली.

“एवढे लोक सांगतात त्या अर्थी कासव गेलं,” मुकुंदराव म्हणाले.

“अहो, मी पुस्तक वाचलंय,” सुनंदाबाई म्हणाल्या. “कासव मरत नाही.”

“आणखी कुणी वाचलंय?”

कुणी वाचले नव्हते.

“म्हणजे तुमच्या एकटीचं मत. पलीकडे हजार आहेत, सुनंदाबाई. लोकशाही आहे.”

दुखवट्याचा ठराव बहुमताने संमत झाला. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर सगळ्या शाळेने दोन मिनिटे उभे राहून मौन पाळले. पहिलीतल्या मुलांना कोण गेले ते ठाऊक नव्हते, तरी ती छान उभी राहिली. केतकी मात्र हुंदके देऊन रडली. “पण पंधराव्या पानावर काय होतं?” असे ती मला मोठ्याने विचारत होती. मला त्या क्षणी लाज वाटली. ती इतिवृत्तात नोंदवलेली नाही.

वीस एप्रिलला, शाळेच्या शेवटच्या दिवशी, सुनंदाबाईंनी माझ्याकडे किल्ली मागितली.

“नियमात बसत नाही हो,” मी म्हणालो.

“बरं,” त्या म्हणाल्या. सव्वीस वर्षे नोकरी केलेल्या बाईकडे दुसरी किल्ली असणारच, हे मला सुचायला हवे होते. त्यांनी कपाट उघडले, पुस्तक काढले आणि केतकीच्या हातात दिले. ती स्टुलावर बसलीसुद्धा नाही. उभ्या उभ्या, एकेका ओळीवर बोट फिरवत, ओठ हलवत वाचत राहिली. एकोणिसाव्या पानावर तिने श्वास रोखला. चोविसाव्या पानावर ती इतक्या जोरात हसली की शेजारच्या वर्गातून बाई डोकावल्या.

“आलं! बाई, आलं बाहेर!”

तेवढ्यात फोटोसाठी गौतम आला आणि सगळे उघडकीस आले. ग्रंथालयात एक अपात्र व्यक्ती वाचत असताना आढळली, याचा सात दिवसांत लेखी खुलासा करावा, असे पत्र सुनंदाबाईंना गेले. पत्राचा मसुदा माझा. खुलासा म्हणून त्यांनी एका ओळीत राजीनामा पाठवला आणि दुसरी किल्ली त्यालाच टाचणीने लावली.

वीस एप्रिलच्याच संध्याकाळी नामदेवरावांनी पेजवर लिहिले होते, “कासव जिंदा आहे. माझ्या पोरीनं सोता वाचलं.” ते तीन सह्यांसाठी पुढच्या सभेपुढे आले.

आता पेच असा, की दुखवटा एकदा पाळल्यावर तो मागे घेण्याची तरतूद आमच्या घटनेत नाही. ठराव बदलता येत नाही, पुस्तक बदलता येते. नामदेवरावांचा मजकूर दप्तरी दाखल झाला आणि चोविसाव्या पानावर शुद्धिपत्र चिकटवावे असे ठरले. अक्षर सुंदर म्हणून ते काम माझ्याकडे आले. मी लिहिले: “या पानावरील मजकूर रद्द समजावा. कासव विहिरीतच मरण पावले. आदेशावरून.” डिंक लावताना जुन्या ओळी दिसत होत्या. मी त्या वाचल्या नाहीत. वाचल्या असत्या तर हात चालला नसता.

शुद्धिपत्राच्या फोटोला दीड हजार लोकांनी हात जोडून पसंती दिली. त्यांची नावानिशी यादी करून फाईलला लावण्याचे कामही माझेच. ही हकीगत वाचून तुम्हाला आमची कीव आली असेल, हसूही आले असेल. माझी हरकत नाही. सातशे चौदाव्या क्रमांकावर तुमचे नाव आहे. तुम्ही सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी हात जोडलेत आणि नऊ वाजून दहाच मिनिटांनी कुणाच्या तरी मुंजीचा फोटोही पसंत केलात. कोण गेले, हे तुम्ही विचारले नाही.