अग्रलेखांची मतबंदी

"माझं मत घेतल्याशिवाय आपल्या छापखान्यात कॅलेंडर निघत नाही, हे विसरू नकोस!"

बुटाची नाडी आवळता आवळता नवऱ्याने हे जाहीर केलं, तेव्हा वहिनींनी नुसते डोळे मिटून घेतले. सकाळच्या वेळी वाद घालायचा नाही हा त्यांचा नेम होता, आणि तो मोडायचा मोह त्यांना रोज सकाळीच होत असे! त्यातून विधान शंभर टक्के खरं. मालक दर वर्षी कॅलेंडरच्या मुखपृष्ठासाठी दोन चित्रं निवडत आणि यांना विचारत, "यातलं कुठलं?"

हे म्हणजे छापखान्यातले मुद्रितशोधक. छापण्याआधी मजकुरातल्या चुका काढायचं काम. पण चुका काढायची सवय मजकुरावर थोडीच थांबते? सरकार, क्रिकेट, बटाट्याचे भाव, शेजारणीचा जावई, चंद्रावर माणसाने जावं की न जावं, सगळ्यावर यांचं मत तयार! मागायचीही गरज नाही. म्हणून अख्खा छापखाना त्यांना 'अग्रलेख' म्हणत असे, आणि ते नाव त्यांना पदवीसारखं वाटत असे.

आता मालक मत घेत हे खरं, पण घेऊन त्याचं काय करत? तर बरोब्बर उलटं! कारण अग्रलेखांचं मत चुकीचं निघण्यात कधी चूक झाली नव्हती. कोपऱ्यावरचं दुकान महिन्यात बुडेल म्हणाले, त्याच्या तीन शाखा निघाल्या. अमका उमेदवार डोळे मिटून येणार म्हणाले, तो डोळे पुसत घरी गेला. मालकांनी हे हेरलं. अग्रलेखांनी हत्ती म्हटलं की मालकांनी फुलं छापायची, आणि कॅलेंडरं हातोहात खपायची! अग्रलेखांना मग काहीतरी कारण सांगितलं जाई. कधी हत्तीचा फोटो खराब झाला, कधी शाई कमी पडली. ते म्हणत, "हत्ती छापला असता तर याच्या दुप्पट खपली असती!"

ही गोष्ट छापखान्यात सगळ्यांना ठाऊक होती. वहिनी तिथेच बाइंडिंग विभागात कामाला, त्यामुळे त्यांनाही ठाऊक होती. माहीत नव्हती ती एकट्या अग्रलेखांना. आणि ती त्यांच्या कानावर कधी जाऊ नये यासाठी वहिनी किती जपत, ते त्यांचं त्यांनाच माहीत. माणूस कटकट्या असला तरी आपला होता. ऐकून खचला असता.

पण आदल्या संध्याकाळी वहिनींच्या सहनशक्तीचा टाका उसवला. भावाच्या नव्या घरी दोघं गेली होती. अग्रलेखांनी नव्या पडद्यांना दवाखान्याचे पडदे म्हटलं आणि भाचीचं व्हायोलिन ऐकून, "बिजागरीला तेल घाला," म्हणाले! निघताना भावाने दार लावलं, पण 'पुन्हा या' म्हणाला नाही.

"अहो," वहिनी आज शेवटी बोलल्याच, "एक दिवस, फक्त एक दिवस, कशावरही मत देऊ नका. जमेल?"

"हात्तिच्या! एवढंच ना? शब्द दिला! दिवेलागणीपर्यंत तोंडातून एक मत निघालं तर बापाचं नाव लावणार नाही!"

व्रत घालून देणाऱ्याने आधी तारीख बघावी. कॅलेंडरच्या छापखान्यात काम करणाऱ्या वहिनींनी नेमकी तीच बघितली नाही!

बस थांब्यावर शेजाऱ्यांनी नेहमीप्रमाणे वर्तमानपत्र पुढे केलं. "काय म्हणता, पडेल का सरकार?"

अग्रलेख आभाळाकडे बघून गोड हसले.

शेजारी दचकले. "वहिनी, यांना बरंबिरं आहे ना?"

"छान आहे!" वहिनींना तर वाटलं, बसच्या चाकांचा आवाज इतका मंजूळ असतो हे आजवर कळलंच नव्हतं! पण हे सुख जेमतेम छापखान्याच्या फाटकापर्यंत टिकलं. फाटकातच मालक हजर, दोन्ही हातांत दोन चित्रं. एकात सूर्यास्ताच्या समुद्रात निघालेलं पांढरंशुभ्र जहाज. दुसऱ्यात खुर्चीवर पसरून झोपलेली गलेलठ्ठ मांजर.

वहिनींना आत्ता तारीख आठवली. आज मुखपृष्ठ!

"या या, अग्रलेख! कागद आलाय, शाई तयार आहे, संध्याकाळच्या आत मशीन सुरू व्हायला हवं. बोला, जहाज की मांजर?"

"आज माझं काही मत नाही," अग्रलेख म्हणाले आणि जिना चढून गेले.

मालकांनी दोन्ही चित्रं खाली केली. या माणसाला मत नाही? उद्या सूर्य म्हणेल, आज माझा उगवायचा विचार नाही!

घटकाभरात छापखान्यात ही बातमी आग लागल्यासारखी पसरली. मालकांना खात्री पटली की अग्रलेखांना गुपित कळलं. "कोण फुटलं? काका, तुम्ही?"

"मी कशाला सांगू? माझी बायको अजून त्यांच्या मताच्या उलट भाजी घेते!" मशीनवाले काका कळवळून म्हणाले.

बाइंडिंगच्या मावशींचं वेगळंच. "दुसऱ्या छापखान्याने पळवलं असणार. आता ते आपली मतं तिकडे देणार, आणि तिकडची कॅलेंडरं खपणार. मेलो आपण!"

मग सुरू झाली मनधरणी. मालकांनी अग्रलेखांना स्वतःच्या खुर्चीत बसवलं. पंखा त्यांच्याकडे वळवला. चहा आला, पाठोपाठ बिस्किटं आली. अग्रलेख बिस्किटं खात गेले आणि फुगत गेले. काका चित्रं त्यांच्या नाकासमोर आळीपाळीने धरू लागले आणि मालक खाली वाकून त्यांच्या भुवया बघू लागले, एखादी तरी हलते का! हे ध्यानात येताच अग्रलेखांनी डोळेच मिटून घेतले.

"डोळ्यांनीही मत जातं," ते म्हणाले. "मी शब्दाचा पक्का आहे."

शेवटी मालक बाइंडिंगमध्ये धावत आले. "वहिनी, हे काय खूळ? शब्द कुणाला दिलाय त्यांनी?"

"मला," वहिनी सुईकडे बघत पुटपुटल्या. बाइंडिंगच्या सगळ्या बायकांनी त्यांच्याकडे असं बघितलं, जसं गावच्या विहिरीत दगड टाकणाऱ्याकडे बघतात.

वहिनी तडक वर गेल्या. "अहो, मी तुम्हाला शब्दातून मोकळं केलं. सांगून टाका."

"छे! उद्या तूच म्हणशील, यांना एक दिवस जमलं नाही."

"नाही म्हणणार!"

"मनात म्हणशील." अग्रलेखांनी चहाचा घोट घेतला आणि आवाज खाली आणला. "बघितलंस ना? एक दिवस गप्प बसलो तर अख्खा छापखाना अडला! किंमत आहे माझ्या मताला. तुलाच ती कधी कळली नाही."

वहिनी तशाच जिना उतरू लागल्या. खरं सांगावं, तर हा फुगा फट्कन फुटणार. न सांगावं, तर मशीन बंद!

खाली आल्या तेव्हा मालक रडायच्या बेताला आले होते. "वहिनी, तुम्ही इतकी वर्षं संसार केलात. त्यांच्या ताटात काय उरणार ते तुम्हाला आधी कळतं. तुम्हीच सांगा, त्यांना यातलं कुठलं आवडलं असतं?"

हे मात्र सोपं होतं! ज्या माणसाला हत्ती, किल्ले आणि आगगाड्या आवडत आल्या, तो मांजरीकडे कशाला ढुंकून बघेल?

"जहाज," वहिनी ठामपणे म्हणाल्या. "देवाशपथ जहाज!"

"काका, मांजर चढवा!" मालक ओरडले. मशीन धडधडलं. वहिनींनी देवाचे आभार मानले. शब्द राहिला, नवऱ्याचा मान राहिला, मालकांचा धंदाही राहिला!

संध्याकाळी दोघं फाटकाबाहेर पडली आणि रस्त्यावरचे दिवे लागले. अग्रलेखांनी दिवसभर कोंडलेला श्वास सोडला आणि पहिलं मत बाहेर पडलं, "काय सुरेख मांजर होती गं!"

वहिनींचे पाय थबकले. "काय?"

"ती खुर्चीवरची. जहाज काय, कुणीही छापतं. पण ती मांजर! दुपारी गठ्ठ्याला टेकून तू डुलकी काढतेस ना, अगदी तश्शी! मान तशीच एका बाजूला, ओठ तस्साच किंचित उघडा. डोळे मिटून बसलो ते त्यासाठीच. नाहीतर मालकांनी लगेच ओळखलं असतं."

पाठीमागे मशीन धडधडत होतं, मांजरीवर मांजर छापत होतं. परत पळत जाऊन ते थांबवायला हवं होतं. पण थांबवून सांगणार काय? आणि का थांबवलं असं यांनी विचारलं तर? शिवाय लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर आपण कुणासारख्या तरी दिसतो, हे वहिनींना कळलं होतं. मांजरीसारख्या का होईना! त्या बस थांब्याकडे चालू लागल्या. वर्षभर कॅलेंडरं गोदामात धूळ खाणार आणि त्या पापाचे धनी आपण, हे त्यांनी मनोमन मान्य करून टाकलं.

आणि कॅलेंडरं खपली! इतकी खपली की दोनदा पुन्हा छापावी लागली. आयुष्यात पहिल्यांदा अग्रलेखांचं मत बरोबर आलं होतं, आणि ते एका माणसाखेरीज कुणालाच कळायचं नव्हतं. मालकांनी वहिनींना बोलावून पेढ्यांचा पुडा हातात ठेवला. "वहिनी, तुम्ही तर अग्रलेखांच्याही वरताण निघालात! पुढच्या वर्षीपासून थेट तुम्हालाच विचारणार."

वहिनींनी पुडा पिशवीत टाकला. काय सांगणार? चूक माझी झाली, बरोबर ते होते? मग सगळंच सांगावं लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी बाइंडिंगच्या मावशी प्रेमाने जवळ सरकल्या. "वहिनी, तुम्हाला काय वाटतं हो, आज पाऊस येईल?"

वहिनींनी खिडकीतून बघितलं. आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ.

"छे, कुठला पाऊस!"

तत्क्षणी सगळ्या बायका सुया टाकून उठल्या आणि अंगणात उतरवलेले कागदाचे गठ्ठे आत आणायला धावल्या. वहिनी एकट्याच जागी बसून राहिल्या, संतापाने लालबुंद.

आणि मेला पाऊस खरंच आला!