गादीवाल्यांची उडी

गादीवाल्यांची कंबर धरली, आणि तीही नेमकी वसतिगृहाच्या रेक्टरबाई गाद्या बघायला येणार त्या आठवड्यात. धरली होती कंबर, पण दुखत होता पाय. डाव्या कुल्ल्यातून एक कळ निघायची, ती मांडीच्या मागून पोटरीत आणि तिथून थेट करंगळीपर्यंत. साधी शिंक आली तरी डोळ्यांपुढे काजवे चमकायचे.

दुसऱ्या कुणाला हे झालं असतं तर त्यानं चार लोकांना सांगून सहानुभूती तरी गोळा केली असती. गादीवाल्यांना तीही सोय नव्हती. दुकानावर हातभर अक्षरांत पाटी होती : 'आमच्या गादीवर झोपा, कंबरदुखी विसरा.' त्या पाटीखाली मालकच वाकडा होऊन उभा राहिला तर गिऱ्हाईक कंबरदुखी कसली विसरतंय, दुकानच विसरेल. आणि वसतिगृहाची ऑर्डर म्हणजे खोल्याखोल्यांतल्या सगळ्या गाद्या. ती मिळाली तर वर्षभराची काळजी मिटणार होती.

त्यात त्यांची ती उडी. गादीवाले तोंडानं गादी कधी विकत नसत. गिऱ्हाईक घुटमळलं की ते चपला काढत, दोन पावलं मागं जात आणि दुकानाच्या मध्यभागी मांडलेल्या नमुन्याच्या गादीवर स्वतःला पाठीवर झोकून देत. धप्प. मग टुणकन उठून, केस सारखे करत विचारत, "सिंगल देऊ की डबल?" दुकान उघडलं त्या दिवसापासून गादी तीच आणि उडीही तीच. अख्खा बाजार त्या उडीला ओळखत होता. बायको म्हणायची, वय काय, उड्या काय. पण कौतुकाची चटक वाईट, ती सुटते थोडीच.

पाय दुखतोय म्हटल्यावर जो तो पायाच्याच मागं लागला. सासूबाईंनी पोटरी तेल लावून अशी रगडली की आधीचं दुखणं बरं वाटायला लागलं. शेजारच्या घड्याळवाल्यानं आपला जुना पट्टा आणून गुडघ्याला करकचून बांधला आणि हलायचं नाही म्हणून बजावलं. गादीवाले इमानेइतबारे दिवसभर पडून राहिले आणि संध्याकाळी बघतात तो लाकडासारखे आखडलेले. शेवटी बायकोनं त्यांना धरून डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

डॉक्टरीणबाईंनी त्यांना उताणं झोपवलं आणि पाय सरळ ठेवून हळूहळू वर उचलला. अर्ध्यावर गादीवाले असे कळवळले की बाहेरच्या बाकावरचा एक पेशंट उठून घरी गेला. बाईंना मात्र समाधान वाटलेलं दिसलं.

"सायटिका," त्या म्हणाल्या. "पायाला काही झालेलं नाही. कमरेतून एक मोठी नस निघते, ती खाली पायापर्यंत जाते. मणक्यांमधली चकती फुगून तिच्यावर दाब आलाय. दाबली जाते कमरेत आणि बोंबलते पायात."

मग त्यांनी नीट समजावलं. नुसतं पडून राहायचं नाही, झेपेल तेवढं चालायचं. शेक घ्या नाहीतर बर्फ लावा, ज्यानं बरं वाटेल ते. थोडे दिवस गोळ्या, जोडीला शिकवतील ते व्यायाम, आणि उताणं झोपताना गुडघ्यांखाली लोड. बहुतेकांचं काही आठवड्यांत ओसरतं. नाहीच ओसरलं तर पुढं इंजेक्शन आहे, ऑपरेशन आहे, पण ती वेळ फार थोड्यांवर येते. पाय लुळा वाटला, बसायच्या जागी बधिर झालं किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर मात्र तडक धावत यायचं.

"धावता आलं असतं तर आलोच कशाला असतो," गादीवाले पुटपुटले.

जड काही उचलता का, असं बाईंनी विचारलं. उडीचं बायकोनंच सांगून टाकलं. ऐकून डॉक्टरीणबाई म्हणाल्या की उडी आजपासून बंद.

रेक्टरबाई आल्या त्या दिवशी गादीवाले गल्ल्याला रेलून, चेहऱ्यावर हसू चिकटवून उभे होते. गादी या खेपेला तोंडानंच विकायची, असं घरून ठरवून आलेले. त्यांनी कापूस सांगितला, शिवण सांगितली, खोळीचं कापड सांगितलं. रेक्टरबाईंच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलेना. त्यांनी नमुन्याची गादी एका बोटानं दाबली आणि दाराकडे बघत म्हणाल्या, "बघते अजून दोन-चार दुकानं."

झालं. गादीवाल्यांच्या चपला कधी निघाल्या ते त्यांनाही कळलं नाही. बायको मागून "अहो" म्हणेपर्यंत धप्प झालं होतं.

टुणकन मात्र झालं नाही. कळ अशी गेली की ते छताकडे बघत जागीच थिजले. उठायचं म्हटलं तर बोट हलेना. बायकोनं फळीवरचा एक लोड काढला आणि त्यांच्या गुडघ्यांखाली सरकवला.

"हा... हा आरामाचा नमुना," गादीवाले दात आवळून म्हणाले.

आणि मग नवल झालं. कळ ओसरायला लागली. पाय हलका झाला. कित्येक रात्री धड डोळा लागला नव्हता बिचाऱ्यांचा. आता उठतो, लगेच उठतो, असं म्हणता म्हणता ते घोरायला लागले.

जाग आली तेव्हा ऊन कलंडलं होतं आणि बायको खोळींच्या घड्या घालत होती. गादीवाल्यांना रडूच आलं. "गेल्या ना? गेली ना ऑर्डर?"

"ऑर्डर मिळाली," बायको म्हणाली. "पण मी सगळं खरं सांगून टाकलं. ह्याच एका गादीवर उड्या मारून मारून ह्यांच्या नसेवर दाब आलाय म्हटलं."

"पाटीचं नाव घालवलंस. आणि तरी घेतल्या?"

"म्हणूनच घेतल्या. त्यांच्या पोरी दिवसभर गाद्यांवर उड्या मारतात, वर्षात चिंध्या होतात. म्हणाल्या, मालक मोडला पण गादी मोडली नाही, अशीच मला हवीय. अट एकच. गाद्या पोचवायला तुम्ही स्वतः जायचं आणि पोरींसमोरून एक चक्कर मारायची. उड्या मारल्या की काय होतं ते त्यांना दिसलं पाहिजे."

गाद्या शिवून होईपर्यंत गादीवाले रोज चालले, सांगितलेले व्यायाम निमूटपणे केले. गाद्या पोचवायच्या दिवशी ते वसतिगृहाच्या फाटकातून आत शिरले ते ताठ, तरातरा, एखाद्या नवरदेवासारखे. व्हरांड्यात पोरी ओळीनं उभ्या होत्या आणि शेवटी रेक्टरबाई.

बायकोनं मागून त्यांचा सदरा ओढला आणि कानाशी म्हणाली, "अहो, जरा लंगडा. शब्द दिलाय मी."