भाऊ मूलले बसले

आमच्या गडचिरोलीच्या कॉलेजात कॉम्प्युटर लॅब सांभाळणारे वासुदेवभाऊ कॉम्प्युटरना नंबर देत नसत, गावांची नावं देत. त्यांच्या टेबलावरचे तीन म्हणजे चिमूर, मूल आणि सिरोंचा. एकदा नागपूरचे एक पाहुणे त्यांना भेटायला आले. शिपाई म्हणाला, "भाऊ मूलले बसले." पाहुणे सरळ बसस्टँडवर गेले आणि मूलची गाडी पकडली. भाऊ तेव्हा भिंतीपलीकडे होते.

माझे वडील तलावात मासे धरतात. घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नव्हतं. त्यामुळे पहिलं वर्षभर मी प्रत्येक बटण विचारून दाबायची. भाऊ म्हणत, "पुसू नोको बाई. दाब. मोडलं तं मी आहो ना."

भाऊंनी मराठी टाइप करायचा एक छोटा प्रोग्राम लिहिला होता. पण कॉम्प्युटर चालवणाऱ्या लिनक्सचे प्रकार अनेक, आणि एकासाठी बांधलेलं पॅकेज, म्हणजे प्रोग्रामचं गाठोडं, दुसऱ्यावर चढत नाही. त्यांच्या तीन कॉम्प्युटरवर तीन प्रकार होते. एक अक्षर सुधारलं की भाऊ तिन्ही गावं फिरून तीन पॅकेजं बांधत. शेवटी कंटाळून त्यांनी एक स्क्रिप्ट लिहिली. आता एकदा एंटर दाबलं की तिन्ही कॉम्प्युटर आपापलं पॅकेज स्वतःच बांधत. भाऊ चहा घेऊन शेजारी उभे.

"पाह्य, मी काईच नाई करून राह्यलो," ते अभिमानानं सांगत.

"पण भाऊ, कॉलेजात तर एकच लिनक्स चालते. तीन काऊन?"

"कोन घालन मालूम नाई. मंग साऱ्या मापाचे शिवा लागते."

एकदा मूल अडलं. भाऊ ऑफिसात गेले होते, म्हणून स्क्रीनवरची तक्रार मीच वाचली. प्रत्येक पॅकेजमध्ये एक यादी असते, कोणत्या आवृत्तीत काय बदललं याची. तिच्यात एक तारीख चुकली होती. मी यादी उघडली.

'आवृत्ती ४: ळ उमटत नव्हता, दुरुस्त. आई काठीनं चालते.'

'आवृत्ती ६: छपाई सुधारली. मामा गेले. तुझा नंबर लागत नाही.'

'आवृत्ती ७: जोडाक्षरं सुधारली. सध्या कोणतं लिनक्स वापरतोस?'

भाऊ केव्हा मागे येऊन उभे राहिले, कळलं नाही.

"धाकटा भाऊ माहा," ते म्हणाले. "दोघांनीच सुरू केलता हा प्रोग्राम. भांडून बंगलोरले गेला. दोन वरसं झाले. कॉलेजच्या वेबसाइटवर टाकतो मी सारे. उतरवन कधीतरी."

मी अडखळत म्हटलं, "तारीख नीट केली, भाऊ. बाकीच्या ओळी काढू का?"

"काऊन? त्यानं काई अडत नाई."

ते खुर्चीत बसले आणि एका बोटानं लिहू लागले.

'आवृत्ती ८: तारीख दुरुस्त. आईला कमी ऐकू येतं. फोन केलास तर मोठ्यान बोल.'

मग थांबून त्यांनी मला विचारलं, "मोठ्यानंवर अनुस्वार येते ना?"

"येतो," मी म्हटलं.

भाऊंनी तो दिला आणि एंटर दाबलं.